भर समुद्रात दुखलेली दाढ

होडीवरून, १२ जानेवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

किनारा दिसेनासा होऊन बरेच दिवस झाले आणि अजून आम्ही एकमेकांना पाण्यात ढकललेलं नाही, ही पहिली आनंदाची बातमी. निघताना तू माझ्या कानात सांगितलं होतंस की चौतीस वर्षांचा संसार एवढ्याशा शिडाच्या होडीत मावायचा नाही. मावतो गं. उलट निवृत्त झाल्यापासून हे घरात सतत समोर असायचे, टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि चष्मा कुठे ठेवला म्हणून मलाच विचारायचे. इथे आम्ही पाळ्या लावून घेतल्यात. मी वर पहाऱ्याला असते तेव्हा हे झोपलेले, हे वर असतात तेव्हा मी. पाळी बदलताना शिडीवर भेट होते, चहाचा कप या हातातून त्या हातात जातो, वारा कसा आहे ते सांगितलं जातं आणि संपला संवाद. भांडायला समोरचा माणूस जागा तर हवा!

सुकाणू धरायचं कामही खरं तर आम्ही करत नाही. होडीच्या मागच्या बाजूला एक पातं बसवलंय, ते वारा बघून सुकाणू आपोआप हलवतं. त्याला वीज लागत नाही, जेवण लागत नाही आणि ते कधी कुरकुरत नाही. यांनी त्याचं नाव ठेवलंय बिनपगारी. सकाळी उठल्या उठल्या हे मला नाही, आधी बिनपगारीला विचारतात, काय म्हणतोस म्हणून.

माझं राज्य स्वयंपाकाच्या कोपऱ्यात. शेगडी झुलती आहे, म्हणजे होडी कितीही कलली तरी शेगडी सरळ राहते आणि स्वयंपाकीणबाई तेवढी तिरकी. मी कमरेला पट्टा अडकवून ओट्याला टेकून उभी राहते. परवा सूप भांड्यातून निघालं ते थेट यांच्या बुटात उतरलं, वाटाणे आणि गाजरं सगळ्यासकट. डोक्यावर जाळीत बटाटे, कांदे आणि कोबी टांगलेत. प्रत्येक मोठ्या लाटेला कोबी मला टपली मारतो. इतकी वर्षं गणिताच्या तासाला पोरांना मारलेल्या टपल्या व्याजासकट परत मिळताहेत.

एक मात्र खरं. वारा वाढला आणि शीड लहान करायची वेळ आली की मी पायाने छपरावर धाडधाड वाजवते, मग हे डोळे चोळत वर येतात आणि पुढे डोलकाठीपाशी जाऊन ते काम करतात. मला ते शिकवलंय, येतंही, पण हे आहेत म्हटल्यावर मी कशाला जाऊ?

आता तुझं सांग. दुकान कसं चाललंय? आणि भिंतीपलीकडचे दातवाले अजून चष्म्याचे स्क्रू ढिले करून घेऊन येतात का? त्यांच्याबद्दल काही लिहिलं नाहीस तर तू काहीतरी लपवते आहेस असं मी समजेन. आणि हो, आमची डबी उपग्रहावरून फक्त अक्षरं नेते-आणते. हसरी-रडकी तोंडं पाठवलीस तर इथे नुसते चौकोन उमटतात. तेव्हा नीट पत्र लिही, शाळेत शिकवलं होतं तसं.

कळावे. लोभ आहेच, तो खाऱ्या हवेत गंजू देऊ नये.

तुझी,
ताई

ता. क. मेहुणीबाईंना सप्रेम नमस्कार. आयुष्यभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे वर-खाली होण्याचं मला भय नाही. पण ही लिफ्ट कुठल्याच मजल्यावर थांबत नाही, एवढीच तक्रार आहे. — भाऊजी


१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच वाचलं आणि सुपाशी आल्यावर एवढ्यांदा हसले की त्या गृहस्थांना वाटलं, निवडलेली फ्रेम त्यांना शोभत नाही. बिचाऱ्यांनी काढून ठेवली.

तुझ्या घरी रोज जाऊन येते. झाडं ठीक आहेत. खिडकीतलं एक गेलं, पण ते तू असतानाही जायच्याच बेतात होतं, तेव्हा माझ्या नावावर धरू नकोस. तुझा मुलगा दिवसातून दोनदा फोन करतो आणि नकाशावरचा तुमचा ठिपका कालच्यापेक्षा हळू का सरकतोय असं मला विचारतो. जणू मी मागून ढकलतेय. वरच्या मजल्यावरच्या बाई भेटतील तिथे विचारतात की ताई पोचल्या का. समुद्र म्हणजे पुढचा बसस्टॉप वाटतो त्यांना.

काल एक बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, मला असा नंबर द्या की टीव्ही स्पष्ट दिसेल पण घरातली धूळ दिसणार नाही. मी म्हटलं, असा नंबर निघाला तर आधी मीच लावेन.

आता तू विचारलंसच म्हणून, आणि समुद्रातून तुझा हात माझ्या पाठीपर्यंत पोचत नाही म्हणून सांगते. दातवाल्यांनी मला विचारलंय. आत्ता नाही, गेल्या वर्षी. एका संध्याकाळी दोघं शटर ओढत होतो, तेव्हा ते त्यांच्या त्या सावकाश पद्धतीने म्हणाले की उरलेले दिवस दोघांनी एकत्र काढले तर कसं, असं त्यांच्या मनात आहे, आणि उत्तराची घाई नाही. मी बघू म्हटलं. त्या माणसाने त्यानंतर पुन्हा एकदाही विचारलं नाही. रोज नमस्कार करतात, हवापाण्याचं बोलतात, चष्मा पुसून घेतात आणि जातात. मला कधी कधी वाटतं, त्यांनी जरा घाई केली असती तर मी नाही तरी म्हटलं असतं.

तू म्हणशील, मग अडलंय कुठे? माझं मलाच नीट सांगता येत नाही. हे गेले त्यानंतर मी दुकान सांभाळलं, एकटं राहायची सवय केली. ती सवय फार कष्टाने झालीय गं. ती मोडायची आणि पुन्हा एखाद्याची काळजी करत बसायचं, हे या वयात जमेल का? आणि लोक काय म्हणतील, हे आहेच. एवढंच. आता यावर लांबलचक लिहू नकोस.

भाऊजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, सूप बुटातून नाही, वाटीतून पितात.

कळावे. तुझा लोभ इतक्या लांबूनही भरतीला आहे, तो ओसरू देऊ नकोस.

तुझी,
छोटी


होडीवरून, १८ जानेवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

लांबलचक लिहू नकोस म्हणालीस म्हणून थोडक्यात लिहिते. तू वेडी आहेस. एक वर्ष! मला एक वर्ष पत्ता लागू दिला नाहीस! लहानपणी माझी रिबीन चोरलीस तर संध्याकाळपर्यंत पोटात ठेवता यायचं नाही तुला, आणि हे बरं ठेवलंस.

लोकांचं म्हणशील, तर मी अठ्ठावन्नाव्या वर्षी होडीतून समुद्र ओलांडायला निघाले तेव्हा आपल्या आळीत काय काय बोललं गेलं ते तूच मला येऊन सांगत होतीस. आता ते सगळे ठिपका कुठे पोचला म्हणून विचारतात ना? तसंच असतं ते. बाकी मी काही म्हणत नाही. निर्णय तुझा.

इथे समुद्र सध्या नांगरलेल्या शेतासारखा दिसतो, लांबच लांब सऱ्या, एकामागून एक. सकाळी छपरावर उडते मासे पडलेले मिळतात. मी त्यांना परत पाण्यात टाकते. काल अंघोळ केली. म्हणजे बादलीला दोर बांधून समुद्राचं पाणी ओढलं, डोक्यावर ओतलं आणि शेवटी तांब्याभर गोड्या पाण्यात सगळं संपवलं. केसांचा काथ्या झालाय. डॉल्फिन दिसले, दहा-बारा तरी होते, होडीशी शर्यत लावून जिंकले आणि कंटाळून निघून गेले. अंडी रोज उलटी करून ठेवते, म्हणजे टिकतात. ब्रेड भाजला तर तो एका बाजूने फुगला आणि दुसऱ्या बाजूने बसला, होडी ज्या बाजूला कलली होती ते त्याच्यावरून ओळखता येत होतं.

बाकी ठीक. हे झोपलेत. मुलाला सगळं उत्तम चाललंय म्हणून सांग.

कळावे. लोभ आणि त्याच्या जोडीला थोडी अक्कल असावी.

ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींचा ताजा कलम कुठे आहे?

मी दातवाल्यांबद्दल एवढी बातमी देते आणि माझा भाऊजी दोन ओळी चिडवत नाही? तो माणूस तापात असला तरी हातातोंडाशी आलेली अशी संधी सोडायचा नाही. तुझ्या पत्रात या वेळी ब्रेड आहे, मासे आहेत, डॉल्फिन आहेत आणि भाऊजी मात्र एका वाक्यात झोपलेत. खरं काय ते लिही. मी मुलाला सांगणार नाही.

छोटी


होडीवरून, २० जानेवारी

चि. छोटीस,
अ. आ.

पकडलंस. तुझ्यापासून काही लपवायला जावं तर असं होतं.

यांची खालची मागची दाढ दुखतेय. निघायच्या आधी तिथलं जुनं सिमेंट हललं होतं, ते यांनी मला सांगितलं नव्हतं. गेल्या आठवड्यात कडक बिस्कीट चावलं आणि तुकडा निघाला. आधी नुसती ठणक होती. परवापासून गाल सुजला, काल ताप आला. उजवी बाजू अशी दिसते की हे तोंडात लिंबू लपवून बसलेत. वेदनाशामक गोळ्या देतेय. औषधांच्या पेटीत जंतुसंसर्गावरच्या गोळ्याही आहेत, पण कोणत्या, किती, आणि द्यायच्या का हे मला कळत नाही. सगळ्यात जवळचा किनारा म्हणशील तर पुढचा आणि मागचा सारखाच लांब आहे. पहारा सध्या मी एकटी करतेय, बिनपगारीच्या भरवशावर डुलक्या काढत.

घाबरलेय असं नाही. बरं, आहे थोडी. तुझ्या शेजाऱ्यांना विचारशील का? मुलाला कळवू नकोस, तो लगेच अख्खं आरमार पाठवेल.

ताई


२० जानेवारी

सौ. ताई यांना,
स. न. वि. वि.

आपली माझी ओळख दुकानाच्या पायरीवरच्या नमस्कारापुरती. तरी आपल्या धाकट्या भगिनींनी आपलं पत्र वाचायला दिलं, म्हणून लगेच लिहीत आहे. मला सूज बघता येत नाही, तेव्हा आपले डोळे आणि बोटं माझ्यासाठी वापरावीत ही विनंती.

प्रथम सर्वांत महत्त्वाचं. त्यांना पाणी गिळता येतं का, तोंड दोन बोटं मावतील इतकं उघडतं का, जीभ वर उचलता येते का, आवाज घोगरा किंवा दबल्यासारखा येतो का, हे बघा. जिभेखालचा भाग किंवा हनुवटीखालचा गळा हाताला टणक लागत असेल, गिळता येत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल, तर माझ्या उत्तराची वाट न बघता आपल्या यंत्रावरचं मदतीचं लाल बटण दाबा. त्यात संकोच नको. त्या मार्गाने जाणारी मालवाहू जहाजं असतात आणि ती वळतात. मी इथून बचाव केंद्राशी बोलून ठेवलं आहे. त्यांना आपल्या होडीची जागा माहीत आहे.

यातलं काही नसेल, तर पेटीतल्या प्रत्येक गोळीच्या वेष्टनावरचं नाव मला अक्षर न अक्षर लिहून पाठवा आणि त्यांना यापूर्वी कुठल्या औषधाने अंगावर उठलं होतं का ते विचारा. ते कळल्यावर कोणती, किती आणि केव्हा द्यायची ते लिहितो. तोवर सोसवेल इतक्या कोमट मिठाच्या पाण्याने पुनःपुन्हा चूळ भरायला सांगा. गालाला बाहेरून शेक देऊ नका. हिरडीवर मऊ फोड दिसला तरी सुई किंवा पातं लावू नका. तो आपणहून फुटला तर उत्तम. चव फार वाईट लागेल, एवढी कल्पना त्यांना देऊन ठेवा.

आपण एकट्या पहारा करीत आहात असं वाचलं. मला होडीतलं काही कळत नाही. पण रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याने जेवायचं असतं, हे कळतं. कृपया जेवा.

आपल्या उत्तरासाठी मी इथेच बसून आहे.

आपला,
शेजारचा डॉक्टर


होडीवरून, २३ जानेवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

डॉक्टरांशी निरोपांची देवाणघेवाण चालली होती ती तू वाचली असशीलच. गळा मऊ होता, गिळता येत होतं, म्हणून बटण दाबलं नाही. वेष्टनावरची नावं मी चष्म्यावर दुसरा चष्मा लावून वाचली. त्यांनी सांगितलेल्या गोळ्या वेळेवर दिल्या. आता काल काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण काल मला लिहायला हात मोकळे नव्हते.

दुपारी मागच्या बाजूने एक ढग आला. आधी काळा, मग खाली पांढरा. पांढरं दिसलं की खाली पाऊस आणि वारा दोन्ही आहेत, हे मला आता कळतं. हे खाली बाजेवर, पडू नये म्हणून लावलेल्या कापडी कठड्याच्या आत, तापात बडबडत होते. कुणाच्या तरी लिफ्टचा दरवाजा बंद होत नाही म्हणत होते. मी पाय उचलला होता गं, छपरावर वाजवायला. सवयीने. आणि तसाच खाली ठेवला.

कमरेचा दोर अडकवला आणि रांगत डोलकाठीपर्यंत गेले. हातात दोर घेतल्यावर डोक्यात सगळं गोंधळून गेलं. मग मी वर्गात बोलते तसं मोठ्याने बोलायला लागले. आधी हा दोर सैल, मग शीड खाली, मग कडी अडकवायची, मग मागचा दोर ताणायचा. पोरांना समीकरण सोडवायला शिकवताना पायरी गाळू नका म्हणून ओरडायचे ना, तशी स्वतःवर ओरडले. कडी अडकेना. शीड तोंडावर फडाफड आपटत होतं, पाऊस डोळ्यांत जात होता. तिसऱ्या की चौथ्या खेपेला अडकली. तेवढ्यात वारा आला. अर्ध्या शिडावरही होडी अशी पळाली की बिनपगारीची बोबडी वळली असेल, पण तो धरून राहिला.

आणि खालून यांचा आवाज. शिडाची फडफड ऐकून हे उठायला लागले होते. मी तिथूनच ओरडले की कठड्याबाहेर पाय टाकलात तर माझ्याशी गाठ आहे. पावसात कितपत ऐकू गेलं कोण जाणे, पण तेवढ्यात होडी कलली आणि हे तोंडावर उशीत पडले. मी खाली गेले तर बाजेवर बसून थुंकताहेत आणि शिव्या देताहेत, ज्या मी चौतीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. फोड फुटला होता. डॉक्टरांनी चवीबद्दल सांगितलं होतं, ते मी यांना सांगायला विसरले होते. यांना वाटलं, आपण मेलो आणि मेल्यावर अशीच चव असते.

मिठाच्या पाण्याने चुळा भरल्या. संध्याकाळी ताप उतरला. आज सकाळी सूज निम्मी झाली आहे आणि साहेबांनी सूप मागितलं. वाटीतून.

ढग गेल्यावर मी वर एकटी बसले होते. कपडे ओले, हाताची सालटं निघालेली, आणि मला एवढं हसू येत होतं की विचारू नकोस. नंतर थोडं रडू पण आलं. मग डॉक्टरांची आठवण झाली आणि मी जेवले.

कळावे. लोभ करणारी माणसं असावीत, ती अशीच.

तुझी,
ताई


२४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा स्वतःसाठी, एकदा डॉक्टरांना मोठ्याने आणि एकदा नुसतंच.

आता इकडचं ऐक. तुझे निरोप माझ्या फोनवर येतात म्हणून तुझं दाढेचं पत्र आल्यापासून ते माझ्या दुकानातच होते. स्वतःच्या दवाखान्यावर पाटी लावली आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर येऊन बसले. तुला माझं दुकान माहीत आहे, चारी बाजूंना आरसे. जिकडे बघावं तिकडे काळजीत बसलेले डॉक्टर. एका आरशात पाठमोरे, एकात अर्धे, एकात फ्रेमच्या रांगेतून डोकावणारे. गिऱ्हाइकं आली की ते उठून उभे राहायचे आणि गेली की परत बसायचे. तू लिहून पाठवलेली गोळ्यांची नावं, फोनच्या बारीक अक्षरांतली, ते फोन नाकाला लावून वाचत होते.

ताई, हे गेले तेव्हा दवाखान्यात भेटेल तो मला म्हणायचा, काळजी करू नका. डॉक्टर म्हणायचे, नर्स म्हणायची, लिफ्टमध्ये भेटलेला अनोळखी माणूससुद्धा म्हणायचा. आणि मला ठाऊक होतं की तसं म्हणणाऱ्यांपैकी कुणाकडेच पुढे काय करायचं ते नाही. या माणसाने ते वाक्य एकदाही उच्चारलं नाही. मी रडायला लागले तर म्हणाले, काळजी वाटणारच, ती दोघं मिळून करू, आणि तोवर आपण बचाव केंद्राला विचारू की सगळ्यात जवळचं जहाज कुठे आहे. मग फोन लावला. जहाज दोन दिवसांच्या वाटेवर होतं. तेही त्यांनी मला तसंच सांगितलं, एकाचे दोन नाहीत की दोनाचा एक नाही.

तुझ्याकडून सूज उतरल्याचं आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, आता मी दवाखाना उघडतो, एका आजोबांची कवळी राहिलीय. आणि गेले. दुकान एकदम रिकामं झालं. आरशांत सगळीकडे मीच.

मला कुणाची काळजी करायची नव्हती ना? गेले चार दिवस मी तेच केलं, आणि एकटीने करावी लागली नाही.

भाऊजींना सांग, दाढ बरी होईस्तोवर चिडवायची सुट्टी.

लोभाला सुट्टी नाही.

छोटी


होडीवरून, ३० जानेवारी

मेहुणीबाईंना,
सप्रेम नमस्कार.

सुट्टी संपली म्हणून कामावर रुजू होतो आहे. गाल जागेवर आला. तुमच्या डॉक्टरांनी दाढ किनाऱ्यावर गेल्याबरोबर काढायला सांगितली आहे आणि तोवर त्या बाजूने चावायचं नाही अशी सक्त ताकीद दिली आहे. मला न बघता त्यांनी माझ्या तोंडातलं जेवढं ओळखलं तेवढं मी चाळीस वर्षं बघून ओळखलं नव्हतं.

तुमच्या ताईंविषयी एक तक्रार आहे. शीड लहान करायचं काम माझं होतं. काल वारा वाढला तेव्हा मी जागा होतो, बरा होतो, वर जायला निघालो, तर बाईसाहेब आधीच डोलकाठीपाशी. वळून म्हणाल्या की तुम्ही चहा टाका. मी चहा टाकला. चुकून साखरेऐवजी मीठ पडलं, पण प्यायल्या बिचाऱ्या. मी खालून त्यांना बघत होतो. केसांचा काथ्या, कोपराला पट्टी, तोंडाने पायऱ्या मोजताहेत. मला वाटलं, या बाईशी आपलं लग्न झालंय, हे काय कमी आहे.

हे त्यांना सांगू नका, डोक्यात जाईल.

आणि डॉक्टरांना द्यायचं उत्तर राहिलंय म्हणे. मी काही बोलणार नाही. फक्त एवढंच की लिफ्टचा दरवाजा फार वेळ धरून ठेवला की ती ओरडायला लागते.

आपला,
भाऊजी


बंदरातून, ५ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पोचलो!

काल पहाटे आधी वास आला. ओल्या मातीचा, झाडांचा, कुठेतरी जळणाऱ्या लाकडाचा. मग क्षितिजावर एक करडी रेघ, जी ढगासारखी सरकली नाही. मी यांना उठवलं आणि दोघं त्या रेघेकडे बघत बसलो. मग हे म्हणाले की किनारा आला, आता पाळ्या संपणार, आता भांडायला वेळ मिळेल.

धक्क्यावर उतरले आणि जमीन हलायला लागली. खरंच सांगते, तीन पावलं टाकली आणि खांबाला मिठी मारली. माझ्या पुढे हे, तेही दुसऱ्या खांबाला. येणारे-जाणारे हसत होते. पोटभर गोड्या पाण्याने अंघोळ केली, पाणी बंद करायला जीव होईना. मुलाशी बोलले. त्याला आता सगळं सांगितलं, तो आधी रागावला आणि मग त्याने शीड कसं उतरवलंस ते दोनदा विचारलं.

दाढ आज सकाळी काढली. इथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना मी सगळी पत्रं त्यांच्या भाषेत मोडकंतोडकं सांगत गेले. त्यांनी हातवारे करून विचारलं की समुद्रात हा इलाज कुणी केला. मी सांगितलं, आमच्या घरच्या डॉक्टरांनी. तोंडातून निघून गेलं गं. मुद्दाम म्हटलं नाही.

मी तुला काहीही विचारणार नाही. वाट मात्र बघतेय.

कळावे. लोभ घट्ट आहे, दोर सैल सोडला तरी हरकत नाही.

तुझी,
ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं वाचून इथे वरच्या मजल्यावरच्या बाईंसकट सगळ्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढा वेळ लागला?

आता शांतपणे बस. खांब जवळ असेल तर धर.

आज सकाळी डॉक्टर दुकानात आले. तुझ्या त्या बारीक अक्षरांनंतर त्यांचे डोळे दुखताहेत, नंबर बदलला असावा, बघता का, असं म्हणाले. मी त्यांना नंबर तपासायच्या मशीनपाशी बसवलं. हनुवटी खाली टेकवली, कपाळ पट्टीला लावलं आणि नेहमीप्रमाणे सांगितलं की समोरच्या चित्राकडे बघा, हलू नका, बोलू नका. मी पलीकडून बघायला लागले. पडद्यावर त्यांचा डोळा एवढा मोठा, आणि तो मला दिसत असताना त्यांना मात्र मी दिसत नाही, फक्त ते चित्र. मला वाटलं, हीच वेळ आहे. माझ्या चेहऱ्याकडे कुणी बघत नसताना मला सगळं जमतं.

म्हणून मी मशीनच्या अलीकडूनच म्हटलं की गेल्या वर्षी शटर ओढताना तुम्ही जे विचारलं होतं, त्याला मी बघू म्हटलं होतं. बघून झालं. माझी तयारी आहे. तुमची अजून असेल तर.

ताई, तो माणूस हलला नाही. मी हलू नका म्हणून सांगितलं होतं ना! बोललाही नाही. हनुवटी तिथेच, कपाळ तिथेच. मी पडद्याकडे बघतेय आणि मला वाटायला लागलं की उशीर झाला, यांनी विचार बदलला. मशीन घूं घूं करतंय. मग पडद्यावरचा तो मोठा डोळा चमकायला लागला, काठोकाठ भरला, आणि मशीनने एक लांब शिट्टी मारून मोजमाप थांबवलं.

तेव्हा मला आठवलं आणि मी म्हटलं की आता हललात तरी चालेल.

नंबर काही निघाला नाही. डोळ्यांत पाणी असलं की मशीन चुकीचं दाखवतं. त्यांना दुपारी परत बोलावलंय.

तुझी,
छोटी